सरकारी तारीख आणि दर्याची तारीख

मे महिना संपत आला की सातपाटीच्या खाडीत नौकांची दाटी होऊ लागते. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस इंजिनाच्या नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीच्या विणीचाही तोच काळ असतो. होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. त्याआधीच आगोटीची बेगमी झालेली असते: तांदूळ, मसाला, सुके बोंबील, जवळा. मग दोन महिने कोळीवाड्यात जाळी विणायची, इंजिनं खोलायची आणि आकाशाकडे बघायचं.

1 ऑगस्टला सरकारचं कुलूप उघडतं. कोळीवाड्याचा जुना रिवाज मात्र निराळा आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही. सरकारी तारीख हलत नाही, दर्याची तारीख चंद्राबरोबर सरकते. 2025 मध्ये नारळी पौर्णिमा 8 ऑगस्टला आली, 2024 मध्ये 19 ऑगस्टला, आणि 2023 मध्ये अधिक श्रावण पडल्यामुळे थेट 30 ऑगस्टला. त्या वर्षी रिवाज तंतोतंत पाळायचा म्हटलं असतं, तर बंदी उठल्यावरही महिनाभर हात बांधून बसावं लागलं असतं. कर्जाचा हप्ता काही पंचांग बघत नाही, त्यामुळे आता पहिल्या तारखेलाच दर्यात जाणाऱ्या नौका पुष्कळ आहेत. दुसरीकडे बंदी निदान 15 ऑगस्टपर्यंत तरी वाढवावी, अशी मागणी मच्छीमारांच्याच काही संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. पापलेटचं पिल्लू आज जाळ्यात आलं तर उद्या मोठा मासा कुठून यायचा, हा त्यांचा साधा हिशोब आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्यानं पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केलं, पण जाळ्यातलं पिल्लू काही घोषणेनं मोठं होत नाही.

देवावर भरवसा ठेवून वाट पाहायची म्हणजे नेमकं काय करायचं, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हे 61 दिवस जवळून पाहावेत. रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन ‘आज उघडतोस का?’ असं दर्याला कोणी विचारत नाही. वाट पाहणं चाललेलं असतं, पण हात जाळ्याच्या फाटक्या आसांवर असतात. प्रार्थनेच्या बाबतीत माणसांची गल्लत होते ती इथेच. वाट पाहणं म्हणजे काम थांबवणं, असं त्यांना वाटतं. नाहीतर उलट, आपण एवढी धडपड करतो आहोत तर देवानंही तारीख पाळलीच पाहिजे, असं वाटतं.

आधी रोजच्या प्रार्थनेचं पाहू, कारण वाट पाहण्याचं बळ तिथूनच येतं.

बोईसरमध्ये ‘रोज पहाटे पाच वाजता उठून प्रार्थना करावी’ हा सल्ला निम्म्या घरांत फुकट जातो. 1969 मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि गावाच्या झोपेचं वेळापत्रकच बदललं. या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग नाइट. पहाटे पाचला एक भाऊ उठतो तेव्हा दुसरा अजून प्लांटमध्ये रिअ‍ॅक्टरच्या तापमानाकडे डोळे लावून उभा असतो. अशा माणसानं घड्याळाला बांधलेली प्रार्थना सुरू केली तर ती पाळीच्या पहिल्याच बदलात मोडते. मग अपराधी वाटतं आणि अपराधीपणापायी उरलीसुरलीही सुटते.

या पट्ट्यातले सगळे जुने धर्म याबाबत शहाणे निघाले. त्यांनी प्रार्थना घड्याळाला बांधलीच नाही, दिवसाच्या वळणांना बांधली. घोलवडच्या पुढे, हद्द ओलांडून गुजरातेत उतरलं की संजाण येतं आणि थोडं पुढे उदवाडा. तिथल्या इराणशाह अग्नीला 1742 पासून त्याच गावात रोज पाच प्रहरांना काष्ठ अर्पण केलं जातं. डहाणूच्या चिकूवाड्यांमधली पारशी-इराणी मंडळी त्या अग्नीच्या दर्शनाला जातात. तारापूर-चिंचणीच्या मशिदींतल्या पाच नमाजा सूर्याच्या चालीवर ठरतात. वारकऱ्यांचा हरिपाठ तिन्हीसांजेचा. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सगळं कुटुंब रोझरीला बसतं. उजाडणं, मावळणं, चूल पेटणं, घरी परतणं, अशा खुणांवर प्रार्थना टांगलेली असते.

पाळीवर जाणाऱ्याचा दिवस सूर्यानं वळत नाही, तो गेटवर वळतो. तेव्हा खूणही तिथलीच धरावी. सेफ्टी शूज घालण्यापूर्वीची दोन मिनिटं आणि पाळी सुटल्यावर हातपाय धुतल्यानंतरची तीन मिनिटं. पाळी कुठलीही असो, बूट घालायचेच असतात. घरात राहणाऱ्या बाईला कुकर लावल्यानंतरच्या पहिल्या शिट्टीपर्यंतचा वेळ पुरतो. रेल्वेनं जाणाऱ्यांची तर सोयच आहे. डहाणूपर्यंत लोकल यावी म्हणून इथल्या प्रवाशांनी वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या केल्या आणि 16 एप्रिल 2013 ला ती आली. चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात नामस्मरण, जप, पाठ असं काहीही सुखानं होतं. पश्चिम रेल्वेच्या डब्यांतली भजनी मंडळं तर प्रसिद्धच आहेत. भजनात आनंद असतो, पण रात्रपाळी करून डुलक्या घेत परतणारा एखादा जीव शेजारी बसलेला असतो, तेव्हा टाळ जरा हळू वाजवायला हरकत नाही.

पाच मिनिटं पुरतात. हुरूप आला म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्धा तास बसणारे तिसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नये. ही काही वीजबिलाची थकबाकी नव्हे.

पाच मिनिटांत बोलायचं काय? वारली घरांतली एक रीत इथे उपयोगी पडते. नवं धान्य घरात आलं की ते देवांना दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. कणसरी ही धान्याची देवी. आधी तिचं देणं मान्य करायचं, मग घास घ्यायचा. आपल्या प्रार्थनेत बहुधा उलटं होतं: बसल्याबसल्या मागण्यांची यादी सुरू. म्हणून पहिलं मिनिट कालच्या दिवसात जे मिळालं त्यासाठी ठेवावं, आणि ते नाव घेऊन म्हणावं. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं मोघम म्हटलं की मन तिथं नसतं. ‘काल आईचा ताप उतरला’ म्हटलं की असतं. मग दुसऱ्या कुणासाठी तरी एक मागणं, आणि मग स्वतःसाठी एकच. उरलेला वेळ गप्प बसावं. सगळ्यात अवघड हेच, कारण गप्प बसलं की फोन आठवतो.

स्वतःसाठीच्या त्या एका मागण्यातून तारीख तेवढी काढून टाकावी. ‘पोराला नोकरी लागू दे’ ही प्रार्थना झाली. ‘या महिनाअखेरीपर्यंत एमआयडीसीत कायमची नोकरी लागू दे, कंत्राटी नको’ हे झालं टेंडर. इच्छा मनात असायला काहीच हरकत नाही, ती देवापासून लपवण्यातही अर्थ नाही. पण मुदत घातली की मुदत संपल्याच्या दिवशी भरवसाही संपतो, आणि तो दिवस आपणच ठरवलेला असतो.

आता नवसाचं. पालघर जिल्ह्यात देवभक्तीचं बोलायचं आणि नवस वगळायचा, हे शक्य नाही. चारोटीजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. मध्यरात्री मुसळ्या डोंगरावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडीच्या सातवी घराण्याचा आहे. जव्हार-मोखाड्यापासून गुजरातच्या गावांपर्यंतची माणसं येतात, त्यांतली कितीतरी नवस फेडायला. या देवीची आख्यायिका अशी: देवी डोंगरावर होती आणि एक गरोदर भक्तीण तिच्या दर्शनाला चढत होती. अर्ध्या वाटेत तिला घेरी आली. तेव्हा देवीनं सांगितलं, आता तू वर येऊ नकोस, मीच पायथ्याला येते. खालचं देऊळ त्यामुळे झालं, असं भाविक सांगतात.

पंढरपूरची कथा याच जातीची. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, दारात देव आला. पुंडलिकानं वीट पुढे सरकवली आणि थांबायला सांगितलं. देव अठ्ठावीस युगं तिथंच उभा आहे, अशी श्रद्धा आहे. भक्तानं देवाची वाट पाहावी असं सगळेच सांगतात. मराठी मुलखानं मात्र आपलं सगळ्यात मोठं दैवत वाट पाहण्याच्या मुद्रेत उभं केलं आहे. बोईसरच्या दोन खोल्यांत अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करताना ज्या सुनेची पूजा महिनोन्महिने राहून जाते, तिला ही कथा कुणीतरी पुन्हा सांगायला हवी. तिची प्रार्थना चुकलेली नाही. तिचा देव विटेवर आहे.

नवसाकडे परत येऊ. तो करूच नये असं म्हणण्यात अर्थ नाही, पण कसा करावा हे चिमाजी आप्पांकडून शिकण्यासारखं आहे. वसईची मोहीम 1737 मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षं चालली. जानेवारी 1739 मध्ये तारापूरचा किल्ला पडला, त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हा मातब्बर सरदार कामी आला. वसई हाती आली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, अशी परंपरा आहे. तानसा नदीजवळचं ते देऊळ आजही गजबजलेलं असतं. पण नवस बोलून आप्पा छावणीत बसून राहिले नाहीत. तटाखाली सुरुंग खणले गेले. सगळे सुरुंग वेळेवर उडाले नाहीत आणि त्यात मराठ्यांचीच माणसं गेली, तरी काम सोडलं नाही. मे महिन्यात वसई पडली. नवस देवीकडे, कुदळ आपल्याकडे, अशी ती वाटणी होती.

तेव्हा नवस फेडता येईल एवढाच बोलावा. तो फेडण्यासाठी सावकाराकडे जावं लागत असेल तर देवाच्या नावावर घराला फास लावण्यासारखं आहे. आणि नवसाबरोबर स्वतःच्या वाट्याचं काम ठरवून टाकावं: मुलीच्या परीक्षेसाठी नवस असेल तर रोज तासभर तिच्यापाशी टीव्ही बंद करून बसणं, नवऱ्याच्या दारूसाठी असेल तर त्याला उपचाराला घेऊन जाणं.

सगळ्यात कठीण वाट पाहणं म्हणजे जिथे आपल्या हातात काहीच नसतं ते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून आदिवासी तरुण खलाशी म्हणून गुजरातच्या नौकांवर जातात. समुद्रात रेषा आखलेली नसते. पाकिस्तानच्या हद्दीत शिरल्याच्या आरोपावरून नौका पकडल्या जातात, खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात आणि इकडे पाड्यावर आई, बायको, पोरं वर्षानुवर्षं बसून राहतात. 2008 च्या कराराप्रमाणे दोन्ही देश दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. 2023 च्या मे-जून महिन्यांत दोन तुकड्यांमध्ये सुमारे 400 भारतीय मच्छीमार सुटले. त्याआधी ‘या वेळी सुटतील’ असं किती वेळा ऐकायला मिळालं असेल, ते त्या घरांनाच माहीत.

अशा घराला ‘धीर धरा’ म्हणणं सोपं आहे. धरायचा कसा, हे सांगायला हवं. एक, कागद एका पिशवीत नीट ठेवावेत: आधारची प्रत, मच्छीमाराचं बायोमेट्रिक ओळखपत्र, नौकेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, मालकाचा पत्ता, आतापर्यंत दिलेल्या अर्जांच्या पोच. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात नाव नोंदलेलं आहे ना, याची खात्री करावी. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे: विचारपूस करायचा वार ठरवून टाकावा. पंधरवड्यातून एक सोमवार, समजा. त्या सोमवारी फोन, अर्ज, खेटे, सगळं करावं. मंगळवारपासून पुढच्या त्या सोमवारपर्यंत तो विषय देवाच्या हवाली. रात्री काळजी दाटून आली तर मनाला सांगता येतं की याचा वार ठरलेला आहे. काळजी त्यानं मिटत नाही, तिला दावं लागतं एवढंच. रोज संध्याकाळी दिवा लावताना गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यावं, म्हणजे घरातल्या लहान पोरांनाही बाप आठवणीत राहतो.

हा ठरलेल्या वाराचा उपाय फक्त कराचीसाठी नाही. कोर्टाची तारीख, जमिनीचा मोबदला, लग्न जमणं, परदेशी गेलेल्या मुलाचा अबोला, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळ्यालाच तो लागू पडतो.

वाट पाहून थकलेल्या माणसाला तारीख विकणारेही भेटतात. ‘अमावास्येच्या आत काम होईल, एवढे पैसे द्या.’ नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले. लोकांनी थंडीत घराबाहेर तंबूंत रात्री काढल्या, भूकंपमापक यंत्रं बसवली गेली, आणि शास्त्रज्ञांनीही धक्के अमुक दिवशी थांबतील असं सांगितलं नाही. कारण ते सांगता येत नाही. यंत्रं लावून बसलेल्यांना जे सांगता येत नाही ते कोंबडा-नारळ घेऊन सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर एक गोष्ट स्पष्टच आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. पावसाळ्यात भातलावणीला सर्पदंश ठरलेला. तिथे वाट पाहणं ही भक्ती नव्हे. 108 ला फोन करावा, रुग्णालय गाठावं. देवाचं नाव गाडीत बसून घेता येतं.

राहिला प्रश्न उत्तर ‘नाही’ असं आलं तर काय करायचं, याचा. 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीत कोळवडे गावाच्या बाजूला एका कारखान्यात स्फोट झाला आणि माणसं गेली. हादरा कित्येक किलोमीटरवर जाणवला. त्या संध्याकाळी किती घरांतून फोन लावले गेले असतील आणि प्रत्येक घरात प्रार्थनाच चालू असेल. काही फोन उचलले गेले, काही नाहीत. ज्या घरचा फोन उचलला गेला त्या घरची प्रार्थना जास्त खरी होती, असं म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणून भेटायला जाणाऱ्यांनी ‘देवाची मर्जी’ हे शब्द तोंडातून काढू नयेत. जावं, बसावं, चहा करावा, पोरांना शाळेत सोडावं.

आणि ज्याचं माणूस गेलं त्यानं भांडावं. मराठी संतांना देवाशी भांडण्याचं वावडं नव्हतं. नामदेव रुसले, जनाबाईनं विठ्ठलाला खडे बोल सुनावले, तुकोबांनी तर देवाचं असणंच पणाला लावलं. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांमध्येही तक्रारीची स्तोत्रं पुष्कळ आहेत आणि ती कुणी काढून टाकली नाहीत. रोजच्या पाच मिनिटांत कृतज्ञतेचा शब्द फुटत नसेल तर रागाचा उच्चारावा, तोही नाही जमला तर नुसतं बसावं. जागा सोडू नये एवढंच. महिना उलटूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांना भेटावं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे. मनाच्या दुखण्यावर औषध घेतल्यानं श्रद्धा उणी होत नाही, मधुमेहावर घेतल्यानं होत नाही तशीच.

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी सातपाटीत सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर येतो. नवी लुगडी, फुलांच्या वेण्या, बँडवर कोळीगीतं, मध्येच पावसाची सर. नारळ पाण्यात जातो, माणसं हात जोडतात, आणि बायका घरी नारळीभात वाढायला लागतात. तोपर्यंत शाकारलेल्या होड्या उघड्या झालेल्या असतात, दुरुस्त जाळी चढलेली असतात. निघायच्या वेळी खलाशी खाडीच्या पाण्याला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो आणि बर्फाच्या लाद्या उचलायला वळतो.